बालाघाटचा माळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बी. ए.च्या वर्गात एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी मी शिकवीत होतो. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत माणसांइतकेच महत्त्व तेथील भूमीस आहे, आणि त्या भूमीस इंग्रजीत ‘मूर’ म्हणतात, हे सांगून मी फळ्यावर मराठी प्रतिशब्द लिहिला : ‘ओसाड माळ’. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. तिचे गाव बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याच्या पलीकडे, नेकनूरच्या अंगास. ती म्हणाली, “सर, माळ म्हणजे समजले, पण ओसाड कशावरून? आमच्या गावाला माळच माळ आहे, पण तो ओसाड नाही.” काही मुले हसली. मी कोशाचा हवाला देऊन वेळ मारून नेली आणि धडा पुढे चालू केला.

परंतु ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. कारण माझे मूळ गावही त्याच माळावरचे. लहानपणीच्या सुट्या मी तेथे घालविल्या आहेत. असे असता, परक्या देशातील एका भूमीला नाव देताना मी आपल्या घरच्या माळाला न विचारता ‘ओसाड’ हे विशेषण चिकटवून टाकले होते. हे विशेषण माझ्या तोंडी आले कोठून, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

मांजरसुंबा हे नाव बहुतेकांनी रस्त्याच्या फलकावरच वाचलेले असते. बीडहून दक्षिणेस सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो, मग घाटाची वळणे येतात, आणि घाट चढून वर आले की धुळे-सोलापूर हा मोठा रस्ता आणि अहिल्यानगरकडून अंबाजोगाई-लातुराकडे जाणारा रस्ता यांचा चौक येतो. तेथे गाड्या थांबतात, प्रवासी चहा घेतात आणि पुढे जातात. चौकापासून अर्धा कोस आत चालून जाणारा प्रवासी विरळा. तेवढे श्रम घेतले तर चारही दिशांस लांबवर पसरलेली सपाटी दिसते. मध्येच एखादी टेकडी, मध्येच एकाएकी तुटलेली दरी, आणि सर्वांवर सतत वाहणारा वारा. हाच बालाघाटचा माळ होय.

सह्याद्रीपासून हरिश्चंद्रगडाजवळ फुटून आग्नेयेस गेलेली डोंगराची रांग ती बालाघाटची रांग. तिच्या एका अंगास गोदावरीचे खोरे, दुसऱ्या अंगास भीमेचे. ‘बाला’ हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ वरचा. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट, अशी मोगलांची वाटणी असे. शहाजहानच्या काळी दख्खनच्या मुलखाचे याच नावांनी दोन भाग पाडले होते. म्हणजे ‘बालाघाट’ हे नावसुद्धा येथे राहणाऱ्याने दिलेले नाही. खालून वर पाहणाऱ्या कारभाऱ्याने दिलेले आहे.

या भूमीचा पाया काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हे पठार झाले. वरची माती वीतभर, कोठे तीही नाही; खाली मुरूम आणि त्याखाली खडक. सह्याद्रीने पावसाळी ढगांचे बहुतेक पाणी आधीच काढून घेतलेले असल्यामुळे येथे वर्षाकाठी सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही नेमाने पडत नाही. तथापि नद्यांचा जन्म याच कोरड्या पठारावर होतो. पाटोद्याच्या बाजूस मांजरा उगम पावते. बिंदुसराही त्याच डोंगरांतून निघते. माथ्याच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब बिंदुसरेने सिंदफणेस आणि सिंदफणेने मंजरथाजवळ गोदावरीस मिळतो. दक्षिण उतारावरचा थेंब मांजरेबरोबर बीड, धाराशिव, लातूर, बिदर असा सातशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा घेऊन शेवटी तेलंगणातील कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीत येतो. अर्ध्या मराठवाड्याची तहान भागविणाऱ्या पाण्याचा आरंभ जेथे होतो, त्या जागेस आपण ‘कोरडा माळ’ म्हणून मोकळे होतो.

उन्हाळ्यात हा माळ पाहणाऱ्यास ‘ओसाड’ हा शब्द सुचला तर त्यास दोष देता येत नाही. परंतु मृगाच्या दोन सरी पडल्या की आठ दिवसांत रंग पालटतो. पवना, मारवेल, कुसळी अशी गवते वर येतात. भाद्रपदात ती कमरेइतकी होतात, आणि दिवाळीच्या सुमारास साऱ्या पठारावर सोन्याची झाक येते. दऱ्याखोऱ्यांच्या उतारावर सीताफळाची झाडे लगडतात. माळकड्यांवर तरवड पिवळा फुलतो. बोरी, बाभळी, हिवर, खैर हे विरळ उभे असतात. चंडोल गात गात आकाशात चढतो. लांडगा, खोकड, ससा आणि काळवीट यांचे हे घर. मांजरसुंब्यापासून जवळच नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. जवळच्याच दरीत कपिलधार आहे. पावसाळ्यात तेथे डोंगरावरून पाण्याची धार कोसळते, आणि मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास कार्तिकी पौर्णिमेला दूरदूरचे वीरशैव भाविक पायी येतात. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये रचला गेला असे मानतात. त्याचा कर्ता मुकुंदराज, त्याचे समाधिस्थानही याच रांगेवर अंबाजोगाईस दाखवितात. ज्या भूमीवर मराठी वाणीने इतक्या लवकर ग्रंथरूप घेतले, ती मनुष्यवस्तीस पारखी होती असे कोण म्हणेल?

येथे एक शंका येण्याचा संभव आहे. कोणी म्हणेल की, हे सारे पूर्वी घनदाट अरण्य होते. मनुष्याने झाडे तोडली, शेळ्यामेंढ्यांनी उरलेले खाल्ले, आणि अरण्याचा माळ झाला. ही समजूत आम्हा सुशिक्षितांत फार रूढ आहे, आणि तिचा परिणाम असा की, माळ म्हणजे बिघडलेले अरण्य असे ठरून त्यावर खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म होऊन बसले आहे. बालाघाटच्या दऱ्यांत पूर्वी अधिक झाडी होती यात संशय नाही. जळणासाठी आणि कोळशासाठी ती तुटली हेही खरे. पण सपाटीवरच्या गवताची कथा वेगळी आहे. अलीकडे, २०२५ साली, पश्चिम महाराष्ट्रातील माळांविषयी एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरेतील कथा तपासून, त्यांत कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात याची यादी केली. बहुसंख्य नावे निघाली ती बाभूळ, खैर, हिवर अशा माळावरच्या, उन्हात वाढणाऱ्या झाडांची; दाट छायेच्या अरण्यातील नव्हेत. तात्पर्य, सातशे वर्षांपूर्वीचा मराठी माणूसही माळच पाहत होता. माळ हे अरण्याचे प्रेत नव्हे; ती भूमीची एक स्वतंत्र जात आहे.

आता इतिहासाकडे वळू. महंमद तुघलक दक्षिणेच्या स्वारीत असता त्याची दाढ दुखू लागली. ती बीडजवळ काढली आणि तिच्यावर कबर बांधली, असे फेरिश्त्याने लिहून ठेवले आहे. बीडजवळच्या टेकडीवर ती वास्तू दाखवितात. बादशहाच्या दाताचीही इतिहासाने नोंद ठेवली. परंतु त्या टेकडीवर ज्यांनी शेकडो वर्षे मेंढरे चारली त्यांच्या एकाही पिढीचे नाव कोठे नाही. दख्खनच्या इतिहासात लढाया फार येतात. मांजरसुंब्याच्या उत्तरेस गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि विठ्ठल सुंदर पडला. पश्चिमेस जामखेडजवळ खर्डा आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी पुन्हा निजाम हरला. दोन्ही रणभूमींच्या मध्ये हा माळ. या लढायांचे आपण सेनापती मोजतो, तोफा मोजतो. पण हजारो घोडी खात काय होती, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मराठ्यांचे बळ घोडदळात होते, आणि घोडदळाचे बळ गवतात. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे, याचे एक कारण असे की त्या वेळी नद्यांना उतार पडतो आणि माळावर गवत तयार होते. म्हणूनच राज्यकर्ते कुरणे राखीत. ज्याला आज ‘निरुपयोगी’ म्हणतात त्या गवतावर एके काळी राज्ये चालली आहेत.

घोड्यांखालोखाल पाण्याची गोष्ट. बीडची खजाना बावडी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती राजा भास्कर नामक कारागिराकडून बांधविली. डोंगराच्या पायथ्याकडील पाणी भुयारी नळांनी विहिरीत आणि विहिरीतून खालच्या बागायतीस खेळविण्याची ही रचना आहे. तिची वाहवा करताना आपण बांधणाऱ्याचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण ते पाणी जिरविले कोणी? वर डोंगरावरच्या गवताने. गवताची मुळे पावसाचा वेग मोडतात, मुरमात पाणी उतरवितात, आणि तेच पुढे महिनोन् महिने झऱ्यांतून पाझरत राहते. माळ उघडा पडला तर विहीर कितीही कुशलतेने बांधली असली तरी कोरडी पडेल.

आणि दुष्काळ. इ. स. १३९६ पासून बारा वर्षे चालल्याचे सांगतात तो दुर्गादेवीचा, १६३० चा, १८७६ चा, १८९९ चा, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला १९७२ चा. काळी जमीन पिकली नाही की गावे गुरे घेऊन माळावर येत. वाळलेली कुसळी, हिवराच्या शेंगा, बोरे, तरवडाची साल, अशा वस्तूंवर माणसे व जनावरे तगून राहत. ज्यांस शेत नाही त्यांस तर चांगल्या वर्षीही आधार माळाचाच. सरपण तेथून, शेणी तेथून, घराचे गवत तेथून, शेळीचा पाला तेथून. म्हणून गावाच्या हिशेबात माळ हा कोणा एकाचा नसे. तो सर्वांचा असे. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवतांचा अभ्यास करून असे दाखविले की, आपल्या संस्कृतीचे ‘क्षेत्र’ आणि ‘वन’ असे दोन भाग आहेत; नांगराखालचे ते क्षेत्र आणि मेंढपाळ-शिकाऱ्यांचे ते वन. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा हे देव वनातून क्षेत्राकडे आले. नांगरणारा आणि चारणारा यांचे भांडणही असे आणि गरजही असे. रब्बीपूर्वी शेतकरी धनगरास बोलावून मेंढरे शेतात बसवून घेई. लेंडीखताच्या मोबदल्यात धनगरास धान्य मिळे. कागदावर न लिहिलेला हा करार शतकानुशतके पाळला गेला.

मग ‘ओसाड’ आणि ‘पडीक’ हे शब्द आले कोठून? याचे उत्तर मला परक्या कोशात सापडले नाही. आमच्या माळ्यावरच्या पेटीत सापडले.

माझे आजोबा निजामी अमदानीत पटवारी होते. सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनींची मोजणी होऊन प्रत्येक तुकड्यास क्रमांक व आकार बसला. घरच्या जुन्या पेटीत आजोबांच्या हातची काही पाने अद्याप आहेत. मोडी अक्षर सुबक, ओळी सरळ. काळ्या जमिनीच्या पुढे पिकाचे नाव, खातेदाराचे नाव, आकाराचा आकडा. माळाच्या पुढे एकच शब्द : ‘पडीक’. कोठे ‘पोटखराबा’, कोठे ‘परमपोक’. फारशी दफ्तरात अशा जमिनीस ‘उफ्तादा’ म्हणत. त्याचाही अर्थ ‘पडलेली’ असाच. आजोबा खोटे लिहीत होते असे मी म्हणत नाही. दफ्तराचा प्रश्न एकच होता : या जमिनीपासून सारा किती? ज्या जमिनीचा सारा नाही ती जमीन दफ्तराच्या दृष्टीने ‘काही नाही’. पण उन्हाळ्यात धनगरांचा वाडा गावाबाहेर उतरला की हेच आजोबा त्यांच्याकडून घोंगडी घेत, कोकराचे भाव विचारीत, शेतात मेंढरे बसवून घेत. माणूस म्हणून त्यांस माळ भरलेला दिसे. पटवारी म्हणून तोच रिकामा दिसे. पुढे माणूस गेला आणि कागद राहिला. तो कागदच मला शाळेत शिकविला गेला, आणि मी तो वर्गात फळ्यावर उतरविला.

कागदातील शब्दाने काय होते हे मराठवाड्याने पुरते पाहिले आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परंतु गायरान कोणाचे हा प्रश्न सुटला नाही. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली मोठे सत्याग्रह झाले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. ज्या माळावर गावाने त्यांस गुरे राखावयास पाठविले तोच माळ कसून त्यांनी पोट भरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो एकाएकी कोणाचा ना कोणाचा निघाला. म्हणजे माळ ‘कोणाचाच नाही’ हे म्हणणे दुबळ्याने हात लावीपर्यंतच खरे असते. माळाचे गुणगान करणाऱ्याने हेही विसरू नये की ‘गावाचा माळ’ यातील गावात सर्वांस सारखी जागा कधीच नव्हती.

ज्या परक्या शब्दावरून हा विषय निघाला त्याच्याकडे एकदा पाहून येऊ. ब्राँटेचे मूर इंग्लंडातील यॉर्कशायरचे. त्याच्याही पुष्कळ उत्तरेस, स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात लुईस नावाची भूमी आहे. हॅरिस आणि ती मिळून एकच बेट होते. तेथे झाडे जवळजवळ नाहीत. पाऊस आमच्या दुप्पट, वारा आमच्या दसपट, आणि भूमी ओली व काळी. हजारो वर्षे पुरती न कुजता साचलेल्या वनस्पतींचा जाड थर तेथे पसरला आहे. त्यास पीट म्हणतात. लोक तो कापून, वाळवून, चुलीत जाळतात. कॅलनिश येथील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळांभोवती हा थर पुरुषभर उंचीपर्यंत चढत आला होता. १८५७ साली तो काढला तेव्हा शिळांची खरी उंची जगास दिसली. उन्हाळ्यात तेथील बायकामुले गुरे घेऊन आतल्या माळावर जात आणि दगडाच्या लहान खोपट्यांत राहत. आमच्या धनगरी वाड्यापेक्षा यात निराळे काय आहे?

हे बेट १८४४ साली जेम्स मॅथेसन नावाच्या धनाढ्याने विकत घेतले. चीनला अफू विकून त्याने संपत्ती जमविली होती, आणि ती अफू हिंदुस्थानात पिकलेली होती. माळव्याचे आणि बिहारचे शेतकरी ज्या पिकात राबले त्याच्या पैशाने स्कॉटलंडचा एक माळ विकला गेला, हे पाहिले म्हणजे ‘दूरचे बेट’ हा शब्दप्रयोग जपून करावासा वाटतो. पुढे बटाट्याचे पीक बुडाले, दुष्काळ पडला, आणि शेकडो कुटुंबांना कॅनडाच्या जहाजांवर चढविण्यात आले. मेंढ्या व हरणे यांच्यासाठी माळ मोकळे होऊ लागले. १८७४ साली बर्नेरा या लगतच्या बेटावरील कुळांची माळावरची चराई काढून घेण्याचा बेत झाला. घर सोडण्याचे हुकूम घेऊन आलेल्या शिपायावर लोकांनी ढेकळे फेकली. तिघांवर खटला चालला आणि तिघेही निर्दोष सुटले. अशा असंतोषातून १८८३ साली सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे १८६६ ते १८७२ मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली काही काळ हंगामी व्हाइसरॉयही होते. गावाला एक समुदाय म्हणून कायद्याने मान्यता द्यावी आणि सामाईक चराई त्याच्या हाती राहावी अशी शिफारस त्यांच्या मंडळाने केली. हिंदुस्थानातील खेडी ज्याने पाहिली होती त्यास हे सुचावे यात नवल नाही. १८८६ च्या कायद्याने ती शिफारस पूर्णपणे स्वीकारली नाही. परंतु कुळाला जमिनीवरून हुसकता येणार नाही एवढे पक्के झाले.

या बेटाची अगदी अलीकडची हकीकत आमच्या माळास अधिक लागू आहे. या शतकाच्या आरंभी लुईसच्या माळावर दोनशेहून अधिक पवनचक्क्या उभारण्याची योजना निघाली. पुढे ती संख्या १८१ वर आली. योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी काहींस तो माळ म्हणजे रिकामी जागा वाटत होती. विरोधात दहा हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि पक्ष्यांच्या संरक्षित क्षेत्राच्या कारणास्तव २००८ च्या एप्रिलमध्ये सरकारने परवानगी नाकारली. त्या वादाच्या काळात तेथील काही जाणत्या लोकांनी एक लहानशी शब्दसूची तयार केली. माळाविषयीचे गेलिक भाषेतील शंभराहून अधिक शब्द त्यांनी गोळा केले. वाऱ्याच्या स्वच्छ दिवशी धावत्या ढगांच्या सावल्या माळावरून सरकतात, तेवढ्यासाठीही त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. ज्या जागेस इतकी नावे आहेत ती रिकामी कशी, असा त्यांचा मुद्दा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे लोक पवनचक्कीचे सरसकट शत्रू नव्हते. त्याच बेटाच्या उत्तर भागातील गाल्सनची जहागीर २००७ साली रहिवाशांनी मिळून विकत घेतली, आणि आता तेथे त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या पवनचक्क्या फिरतात; उत्पन्न गावाच्या कामी येते. प्रश्न चक्कीचा नव्हता. माळ कोणाचा आणि विचारावयाचे कोणाला, हा होता.

आता बालाघाटावरही पवनचक्क्या उभ्या आहेत. मांजरसुंबा, पाटोदा या बाजूस रात्री प्रवास केला तर क्षितिजावर तांबडे दिवे एकदम लुकलुकताना दिसतात. आमच्या भावकीच्या बरड जमिनीसाठीही मागणी आली. पुतण्याने कागद सहीसाठी माझ्याकडे आणले. पहिल्याच पानावर जमिनीचे वर्णन होते : ‘पडीक’. आजोबांचाच शब्द, फक्त अक्षर छापील. मी सही केली. हे मी लपवीत नाही. त्या बरडाने माझ्या पुतण्याच्या घरी कधी चार पोत्यांहून अधिक धान्य आणले नाही. त्याच्या गावातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती हौसेने जात नाहीत. अशा घरी येणारा चार पैशांचा आधार नाकारण्याचा अधिकार शहरात राहून पगार घेणाऱ्या मला नव्हता. तरी सही करताना माझा हात जड झाला, तो एका शब्दामुळे.

सहीनंतर मी माळावर गेलो. चक्कीसाठी नवा रस्ता कापला होता आणि कडेला मुरमाचे ढीग होते. तेथे एक वृद्ध धनगर मेंढरे घेऊन बसले होते. मी त्यांस म्हटले, “आबा, हा माळ आता गेला.” ते म्हणाले, “जातोय कुठं मास्तर? मपल्या आज्यापसून हितंच हावोत. पर वाट बंद झाली तर मेंढरानं जावं कुन्या अंगानं, ते कुनी इचारलं न्हाई.” मग त्यांनी काठीने दाखवीत मला माळ वाचून दाखविला. हे बरड, येथे पाऊस लागला की गवत पहिल्यांदा फुटते आणि पहिल्यांदा वाळते. ते लवण, तेथे पौषापर्यंत ओल राहते; अजारी मेंढरू तेथे न्यावे. ही टेक, वाघर लावावयाची तर तिच्या आडोशास, वारा लागत नाही. तो दरा, त्यात लांडग्याची वाट. पलीकडची घळ, तेथे पाण्याची खोलगी. ज्या जागेपुढे आजोबांनी एक शब्द लिहिला होता तेथे त्यांनी पाऊण तासात मला वीस ठिकाणे दाखविली, आणि प्रत्येकास नाव होते, उपयोग होता, आठवण होती. मला लुईसची ती शब्दसूची आठवली. आपल्याकडे तशी सूची अजून कोणी केलेली नाही. ती त्या आबांच्या तोंडी आहे, आणि त्यांचा नातू ऊसतोडीच्या टोळीत आहे.

बोलीतला शब्द हरवतो त्यामागोमाग जिवंत वस्तूही हरवते, याचे उदाहरण याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. नावातच माळ असलेला हा पक्षी. गवतावर चालतो, गवतातच अंडे घालतो. अभयारण्य कागदावर आहे, पण माळढोक आता तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही उरलेला नाही. माळ मोडून शेते झाली, रस्ते झाले, विजेच्या तारा आल्या, वनीकरणाची झाडे आली. ज्याला उघडे गवत हवे त्याला जागा उरली नाही. त्या झाडे लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनीही ‘पडीक’ हा शब्द वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. १९८५ साली देशात पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि गवताळ प्रदेश त्या जमिनींच्याच वर्गात मोजले गेले.

लुईसच्या बेटावर घरोघरी हातमागावर लोकर विणतात. ‘हॅरिस ट्वीड’ हे नाव त्याच कापडास लावावे, असा कायदा १९९३ साली झाला. बालाघाटच्या मेंढीची लोकर जाडीभरडी. तिच्या घोंगडीस आता गिऱ्हाईक नाही, आणि पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. सीताफळाचे मात्र थोडे बरे झाले आहे. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या उतारास पोटखराबा म्हणत त्याच उताराचे हे फळ. नाव मिळाले की मोल येते, एवढे यावरून सिद्ध होते.

माळास हात लावू नये असे माझे म्हणणे नाही. पोटाला लागणाऱ्या भाकरीपुढे निसर्गवर्णनाचे मोल थोडे. म्हणणे इतकेच की, माळाचे काय करावयाचे हे ठरविताना तो रिकामा आहे या गृहीतापासून आरंभ करू नये. तेथे चराई कोणाची, वाट कोणाची, पाणी कोठे जिरते, कोणते गवत कोणत्या महिन्यात लागते, हे आधी लिहावे आणि मग सह्या कराव्यात. लिहिण्याचे काम आम्हा लेखणीवाल्यांचे. एका शब्दाने जे मिटविले ते पुन्हा शब्दांनीच भरून काढावे लागेल.

ती विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली त्यास बरीच वर्षे झाली. तीच कादंबरी या वर्षी पुन्हा अभ्यासक्रमात आली आहे. परवा त्याच वर्गात मी ‘मूर’ या शब्दापुढे फळ्यावर नुसते ‘माळ’ एवढेच लिहिले, आणि मुलांस सांगितले की, ज्यांच्या गावास माळ आहे त्यांनी सुटीत घरी जाऊन त्याच्या जागांची नावे विचारून आणावीत. सातजणांनी हात वर केले आहेत.